एक मीटर सदतीस

झाडाचा घेर कुठं मोजायचा हे ठरलेलं असतं. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीला. झाड उतारावर असेल तर वरच्या अंगाला उभं राहायचं. बुंधा त्या उंचीच्या खालीच फुटला असेल तर एका झाडाची दोन झाडं धरायची. हे मला माझ्या भाचीनं दापोलीजवळच्या एका उतारावर सांगितलं, ऐनाच्या बुंध्याला टेप गुंडाळता गुंडाळता. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्यांची. त्या खवल्यांवर वाळवीनं मातीची वाट चढवली होती. तिनं तळहातानं माती अलगद झाडली, मागच्या बाजूला टेप पिळली नाही ना ते वाकून बघितलं आणि आकडा सांगितला. मैत्रिणीनं तो वहीत उतरवला. पुढचं झाड किंजळाचं होतं.

तेवढ्यात दाजींचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, फोन आला. दाजी बीड जिल्ह्यात कोरडवाहू शेती करतात. जेवलीस का, पाऊस आहे का तिकडं, एवढं झाल्यावर ते नेहमीच्या प्रश्नावर आले. "बाळा, ही झाडं मोजायचे पैसे कोण देतं?"

प्रश्न साधा होता आणि त्यात टोमणा नव्हता. मुलगी चार वर्षं घराबाहेर राहणार, वसतिगृहाचा, मेसचा, पुस्तकांचा खर्च होणार, तर पुढं काय, हे बापानं विचारायचं नाही तर कुणी विचारायचं? भाचीला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. मलाही नाही. तेव्हापासून मी या पदवीचा पैशाचा हिशेब मांडत आलो आहे. वनशास्त्र शिकणाऱ्या, शिकून बसलेल्या, शिकून दुसरीकडं वळलेल्या मुलामुलींशी बोललो. त्यांची नावं इथं देत नाही. कुणाचा निकाल लागायचा आहे, कुणाचं कंत्राट नव्यानं व्हायचं आहे.

आधी ही पदवी आली कुठून ते बघू, कारण सगळी गोम तिथंच आहे.

आपल्याकडं वनाचं शिक्षण जुनं आहे. डेहराडूनला वनशाळा निघाली ती १८७८ साली. पण त्या शाळेत जायचं ते नोकरी लागल्यावर. आधी खात्यात भरती, मग शिक्षण, अशी ती रीत. बाहेरच्या पोरानं आपल्या पैशानं वनशास्त्र शिकावं आणि मग नोकरी शोधावी, ही कल्पनाच शंभर वर्षं नव्हती. १९७६ साली राष्ट्रीय कृषी आयोगाचा अहवाल आला. जंगलखात्याच्या बाहेरही जंगलं वाढवायची आहेत, त्यासाठी शिकलेली माणसं लागतील, तेव्हा कृषी विद्यापीठांतून वनशास्त्राची पदवी सुरू करा, असा त्याचा रोख होता. त्यानुसार ऐंशीच्या दशकात देशभर हे अभ्यासक्रम निघाले. महाराष्ट्रात कोकण कृषी विद्यापीठानं दापोलीत आणि डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं अकोल्यात ही पदवी सुरू केली. चार वर्षं, आठ सत्रं. माती, रोपवाटिका, वनवर्धन, लाकडाचे गुणधर्म, वन्यप्राणी, पाणलोट, वनकायदा, नकाशे, जंगलाचं अर्थशास्त्र. शेवटच्या वर्षी काही महिने प्रत्यक्ष जंगलात आणि गावात काढायचे.

शिक्षण उभं राहिलं, पण खात्याची जुनी सवय गेली नाही. आम्ही माणूस घेऊ आणि आमचा आम्ही घडवू, हीच रीत राहिली. आजची भारतीय वनसेवा १९६६ सालची. तिच्या परीक्षेला वनशास्त्राची पदवी चालते, तशीच वनस्पतीशास्त्र, रसायन, भूगर्भ, गणित, भौतिक, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र, कृषी आणि अभियांत्रिकीचीही चालते. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या वनसेवेच्या दारातही अशीच गर्दी. तिथं सहायक वनसंरक्षक आणि वनपरिक्षेत्र अधिकारी अशी दोन पदं असतात. परीक्षेच्या तयारीत इंजिनिअर मुलं मुरलेली असतात. वनशास्त्राच्या मुलानं चार वर्षं जंगलात जे शिकून घेतलं, त्याचा उत्तरपत्रिकेत फार थोडा भाग उतरतो. निवड झाली की इंजिनिअरही प्रशिक्षणाला जातो आणि वनशास्त्राचा पदवीधरही. झाडाचा घेर कुठं मोजायचा, हे दोघांनाही पहिल्यापासून शिकवलं जातं.

शेजारी कर्नाटकात वेगळं आहे. तिथं वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या थेट भरतीत वनशास्त्राच्या पदवीधरांसाठी मोठा वाटा राखून ठेवलेला आहे. तो कमी करायची भाषा निघाली की शिरसी आणि पोन्नमपेटच्या महाविद्यालयांतली मुलं वर्ग सोडून रस्त्यावर बसतात. आपल्याकडची मुलं असा वाटा मिळावा म्हणून बसतात.

आता दाजींच्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर देतो.

वनरक्षकाची नोकरी बारावीवर मिळते. सातव्या वेतन आयोगानुसार मूळ पगार २१,७०० रुपयांपासून सुरू होतो. २०२३ साली महाराष्ट्रात वनरक्षकाच्या दोन हजारांवर जागांची भरती निघाली, तेव्हा अर्ज करणाऱ्यांत बारावी झालेले होते, पदवीधर होते, वनशास्त्राचे पदवीधरही होते. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचा, म्हणजे लोकांच्या भाषेत आरएफओचा, मूळ पगार ४१,८०० पासून आणि सहायक वनसंरक्षकाचा ५६,१०० पासून. महागाई भत्ता, घरभाडं वेगळं.

समजा, एका गावातले दोन मित्र. एक बारावी होऊन एकोणिसाव्या वर्षी वनरक्षक झाला. दुसरा वनशास्त्राला गेला, चार वर्षांनी पदवी घेतली, दोन वर्षं पुण्यात राहून परीक्षा दिल्या. या सहा वर्षांत पहिल्याला नुसता मूळ पगार धरला तरी १५ लाख ६२ हजार मिळाले. वार्षिक वाढ आणि भत्ते मी सोडून देतो. दुसऱ्याच्या खात्यात शून्य, आणि खर्च वेगळा. सदाशिव पेठेत कॉट, मेस आणि अभ्यासिका धरून महिन्याला आठ-दहा हजारांच्या खाली कुणाचं भागत नाही.

दुसरा पंचविसाव्या वर्षी आरएफओ झाला, तर मूळ पगारात दोघांचा फरक महिन्याला २०,१००, वर्षाला २ लाख ४१ हजार. म्हणजे मागं पडलेले पैसे भरून यायला साडेसहा वर्षं लागतात. बत्तिशीपर्यंत तो मित्राच्या बरोबरीला येतो आणि पुढं निघून जातो. पदवी फायद्याची ठरली.

पण आरएफओ किती जण होतात? जागा निघतात त्या मोजक्या, आणि दरवर्षी निघतील याची खात्री नाही. बाकीच्यांतले बरेच जण वयाची अट संपायच्या आत मिळेल ते धरतात आणि वनरक्षकाच्या भरतीत धावतात. चार वर्षं वनशास्त्र शिकलेला मुलगा आणि नुकताच बारावी झालेला मुलगा एकाच मैदानात, एकाच रेषेवर, पाच किलोमीटर अर्ध्या तासात संपवायला उभे. पदवीधर निवडला गेला तर त्याचाही पगार २१,७०० पासूनच. त्याच्यासाठी ही पदवी पंधरा लाखांचा आतबट्ट्याचा व्यवहार झाली. भाचीच्या वरच्या वर्गातला एक मुलगा असा वनरक्षक झाला. तो मला म्हणाला, "सर, मला खंत पगाराची नाही. माझ्या नियतक्षेत्रात काय करायला पाहिजे ते मला कळतं, पण विचारत कुणी नाही."

तिसरी वाट मला आधी माहीत नव्हती. सरकारी बँकांत कृषी क्षेत्र अधिकारी नेमतात. त्या परीक्षेला जी पदव्यांची यादी आहे तीत वनशास्त्र आहे. २०२४ च्या करारानंतर बँकेतल्या या पहिल्या श्रेणीचा मूळ पगार ४८,४८० पासून सुरू होतो. परीक्षा दरवर्षी होते, वेळापत्रक आधी कळतं, निकाल लागतो. त्यामुळं घरची ओढाताण असलेली हुशार मुलं शेवटच्या वर्षापासूनच बँकेचा अभ्यास धरतात. मला एका तालुक्याच्या गावी असा एक अधिकारी भेटला. टेबलावर ट्रॅक्टरकर्जाच्या फायली, भिंतीवर पीककर्जाचे दर. बोलता बोलता त्यानं खिडकीबाहेरच्या झाडाचं शास्त्रीय नाव सांगितलं, मग कुळ सांगितलं, मग बी कधी गोळा करायचं ते सांगितलं आणि परत फाईल उघडली. त्याच्या आईवडिलांचं घर उभं राहिलं, बहिणीचं लग्न झालं. त्यानं काही चुकीचं केलं असं मी म्हणणार नाही. पण वनशास्त्र शिकलेल्याला सगळ्यात भरवशाचा चांगला पगार जिथं एकही झाड नाही अशा खोलीत मिळतो, हे मला फार लागलं.

भाची बँकेत गेली नाही. तिनं चौथी वाट धरली, प्रकल्पाची.

ही वाट गेल्या पंधरा-वीस वर्षांत रुंदावली आहे. महाराष्ट्रात २०१२ साली कांदळवन कक्ष झाला. वाघांची गणना कॅमेऱ्यांवर आली. धरण, खाण, रस्ता करायचा तर पर्यावरणाचा अहवाल लागतो. कंपन्या सामाजिक जबाबदारीच्या पैशातून झाडं लावतात. २०१६ चा भरपाई वनीकरणाचा कायदा आला आणि त्यातून राज्यांकडं मोठा निधी आला. या सगळ्याला जंगलात जाऊन मोजणारी, ओळखणारी, लिहिणारी माणसं लागतात. ती घेतली जातात अकरा महिन्यांवर, सहा महिन्यांवर, कधी नुसती दिवसावर.

भाचीला एका संस्थेत असंच काम लागलं. संस्थेचं नाव सांगत नाही. सकाळी साडेपाचला निघायचं, ठरलेल्या रेषेवर चालायचं, दिसलेली झाडं, विष्ठा, ठसे, ओरखडे नोंदवायचे, संध्याकाळी सगळं संगणकात भरायचं. अठरा हजार पगार ठरला होता. पहिले दोन महिने वेळेवर आला, मग प्रकल्पाचा पुढचा हप्ता यायचा आहे म्हणून तीन महिने आला नाही. त्या तीन महिन्यांत तिच्या खोलीचं भाडं आक्कानं, तिच्या आईनं, भरलं, दुधाच्या पैशांतून. दाजी तेव्हा मला फोनवर म्हणाले, "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतीय पोरगी." आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. थकलेला पगार पुढं मिळाला. पण तिच्याबरोबरचे दोघे तोवर काम सोडून गेले होते. दोघांच्याही घरी तीन महिने भाडं भरणारं कुणी नव्हतं.

या क्षेत्रात कोण टिकतं, हे इथं ठरतं. ज्याच्या घरी पाठीशी थोडं तरी आहे तो टिकतो. पुढं डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेत किंवा भोपाळच्या वन व्यवस्थापन संस्थेत जाऊन मोठी पदवी घ्यायची ऐपत आणि तयारी असेल, तर त्याचं पुढं बरं चालतं. आणि जंगलाच्या काठावर जन्मलेल्या, झाडं लहानपणापासून ओळखणाऱ्या पोराला मात्र सहा महिन्यांच्या कंत्राटावर जगता येत नाही, म्हणून तो निघून जातो. या पदवीतला खरा तोटा मला हाच वाटतो, आणि तो त्या पोरापेक्षा जंगलाचा जास्त आहे.

कारण जंगलाला किंमत नाही असं कुणी म्हणू शकत नाही. ती किंमत देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलेली आहे. जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर घेणाऱ्यानं किती पैसे भरायचे, याचे दर २००८ साली गोदावर्मन खटल्यात मंजूर झाले. जंगलाचा प्रकार आणि दाटी बघून हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजारांपर्यंत. २०२२ साली केंद्र सरकारनं ते दीडपटीच्या वर नेले. पाणी मुरतं, माती धरली जाते, हवा स्वच्छ राहते, लाकूड आणि गौण उपज मिळते, जनावरं राहतात, या सगळ्याचा तो हिशेब.

एका वनरक्षकाच्या नियतक्षेत्रात, म्हणजे त्याच्या राखणीच्या हद्दीत, पाचशे हेक्टर जंगल आहे असं धरू. २००८ चाच दर घेऊ, तोही सगळ्यात खालचा. २१ कोटी ९० लाख होतात. ते राखणाऱ्याचा वर्षाचा मूळ पगार २ लाख ६० हजार. म्हणजे राखणीचा खर्च हजारामागं सव्वा रुपयाच्या आत. सोनाराच्या दुकानावर रात्री बसणाऱ्या रखवालदाराचाही हिशेब असा पडत नसेल.

आणि ही राखण जिवावरची आहे. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या कोलारा गाभा क्षेत्रात एक महिला वनरक्षक तीन वनमजुरांना घेऊन पायी निघाली होती. व्याघ्रगणनेसाठी ठसे आणि खुणा शोधायचं काम होतं. वाटेत वाघीण बसलेली दिसली. ती हलेल म्हणून त्यांनी थांबून वाट बघितली, मग वळसा घालून जायचं ठरवलं. वाघिणीनं मागच्या बाजूनं त्या वनरक्षकाला धरलं आणि ओढत नेलं. पुढं त्या गणनेचे आकडे देशासमोर आले, वाघ वाढले म्हणून आपण आनंदलो. ते आकडे अशा पायांनी गोळा केलेले होते. त्या काळात भाची दुसऱ्या एका जंगलात तशाच रेषेवर चालत होती. आक्कानं त्या रात्री तिला चार वेळा फोन केला. रेंज नव्हती.

दाजींच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला शेवटी सिंधुदुर्गाकडं जाताना सापडलं, आणि ते सरकारी नव्हतं.

कोकणातलं बहुतेक जंगल मालकीचं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात हिरवं दिसतं ते जवळपास सगळं लोकांच्या सातबाऱ्यावरचं. मुंबईला राहणारा मालक पाच-सात वर्षांनी गावी येतो, लग्न किंवा घरदुरुस्ती निघालेली असते, आणि व्यापाऱ्याला डोंगर उक्ता देऊन टाकतो. उक्ता म्हणजे न मोजता. व्यापाऱ्याचा माणूस एकदा फिरून येतो, एक रक्कम सांगतो, थोडी घासाघीस होते, तोडीची परवानगी निघते, आणि चार महिन्यांत डोंगर बोडका. किती झाडं होती, कुठल्या जातीची, किती घनफूट माल निघाला, हे मालकाला कधीच कळत नाही.

भाचीनं कंत्राट संपल्यावर वर्गातल्या दोघांबरोबर हे मोजायचं काम सुरू केलं. मी त्यांच्याबरोबर एक दिवस होतो. मालक निवृत्त शिक्षक होते, खैर आणि ऐन उभा होता, उक्तं देणं जवळजवळ ठरलं होतं. गुरुजींना तिनं एका पडलेल्या ओंडक्यावर हिशेब करून दाखवला. मधला घेर ९० सेंटिमीटर, लांबी चार मीटर. व्यापारी पद्धत अशी की घेराचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करायचा आणि लांबीनं गुणायचं. २२.५ चा वर्ग ५०६, गुणिले लांबी, म्हणजे सात घनफुटांच्या जरा वर.

"बरोबर आहे. आमचे वडीलही असंच मोजायचे," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, ओंडका गोल आहे ना? मग वर्तुळाच्या सूत्रानं करा."

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि तिच्या वहीतच गणित केलं. नऊ घनफूट आले. ते थोडा वेळ आकड्याकडं बघत राहिले. चौथाईच्या पद्धतीत पाचवा हिस्सा मुळातच बाजूला पडतो. कापताना तूट येते म्हणून ती सवलत पूर्वीपासून चालत आली. पण आपण सवलत देतोय हे देणाऱ्याला ठाऊक असायला हवं. आणि उक्त्यात तर तेवढंही मोजमाप नसतं.

तीन दिवसांत त्यांनी त्या डोंगरावरचं प्रत्येक झाड मोजलं, क्रमांक टाकले, कुठली आता काढायची, कुठली दहा वर्षं राखायची, कुठली बियाण्यासाठी कधीच तोडायची नाहीत ते रंगानं खुणावलं. गुरुजींनी सगळा डोंगर विकला नाही. खुणावलेलाच माल मोजून दिला, आणि उक्त्यात ठरलेल्या रकमेपेक्षा फार कमी पैसे हातात आले असं झालं नाही. डोंगर मात्र उभा राहिला. मोजणीची मजुरी म्हणून त्यांनी पाकीट दिलं, आणि नातवाच्या वयाच्या पोरांना हात जोडून नमस्कार केला. भाची गोंधळून मागं सरली.

काम आणखीही आहे. २०१७ साली कायदा बदलला आणि जंगलाबाहेर वाढवलेला बांबू 'झाड' राहिला नाही, त्याची तोड आणि वाहतूक सोपी झाली. सिंधुदुर्गातला माणगा जातीचा बांबू भरीव, त्याला मागणी आहे. कुडाळला कोनबॅकसारखी संस्था गेली वीस वर्षं बांबूच्या वस्तू आणि बांधकामात काम करते आहे. चांगली, जात सांगून विकलेली रोपं मिळायला मात्र शेतकऱ्यांना वणवण करावी लागते. तिकडं गडचिरोलीत मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ साली तिनं आपला बांबू आपल्या वाहतूक पासवर विकला, आणि मागोमाग शेकडो गावांना असे हक्क मिळाले. त्या प्रत्येक गावाला आपल्या जंगलाचा व्यवस्थापन आराखडा लागतो. ग्रामसभेच्या बांबूच्या, तेंदूच्या पैशातून आपल्याच भागातला एखादा वनशास्त्राचा पदवीधर पगारावर ठेवता येईल. असं होताना मला बघायचं आहे.

भाचीची कमाई अजून आरएफओच्या पगाराच्या निम्म्यावरही नाही. पावसाळ्याचे चार महिने मोजणी बंद असते, तेव्हा ती खैराची आणि माणग्याची रोपवाटिका करते. गेल्या मेमध्ये दाजी पहिल्यांदा तिच्याकडं राहायला आले. ती सकाळी कामावर निघाली तसे तेही निघाले. उतारावर त्यांना श्वास लागत होता, तरी मागं राहिले नाहीत. दुपारी मी वर पोचलो तेव्हा टेपचं एक टोक त्यांच्या हातात होतं. धोतराच्या सोग्यानं घाम पुसून त्यांनी टोक सालीवर टेकवलं.

"वर धरा अण्णा, छातीपाशी," ती म्हणाली.

त्यांनी हात चार बोटं वर सरकवला आणि झाडाच्या पलीकडून विचारलं, "हां, आता सांग. किती भरलं?"